बंदूकवाले आजोबा आणि मी

तुम्ही हसाल, पण आमच्या अख्ख्या घराण्यात बंदूक चालवायला शिकलेली मी एकटीच! कॉलेजात एनसीसीत होते ना. डोळे मिटून गोळ्या झाडल्या आणि त्या शेजारणीच्या टार्गेटला लागल्या, एवढंच ते शिक्षण.

ब्याऐंशीत कुवेतला आले आणि तिथल्या जहरा गावातल्या एका दवाखान्यात रक्त काढायच्या कामाला लागले. पहिल्याच आठवड्यात एक अरब आजोबा खांद्याला बंदूक अडकवून थेट आत! तिकडे वाळवंटात पाखरं मारायला जातात, त्यामुळे आपल्या घरी छत्री तशी त्यांच्या घरी बंदूक. मी सुईसकट दोन पावलं मागे सरून भिंतीला चिकटले. ते बघून आजोबांनी घाईघाईने बंदूक काढून माझ्यापुढे धरली आणि ओरडले, "खाली! खाली!"

मी धाडकन जमिनीवर पालथी. एनसीसीत शिकवलं होतं तश्शी, कोपरं टेकून. आजोबांना वाटलं, आपल्या मागे काहीतरी भयंकर आलंय. त्यांनी बंदूक पेशंटच्या खुर्चीवर टाकली आणि तेही माझ्याशेजारी आडवे!

आवाज ऐकून आमचे जोशी डॉक्टर धावत आले. आधी आम्हा दोघांकडे बघितलं, मग खुर्चीकडे. "काय गं, आज रक्त बंदुकीचं काढायचंय का?"

"डॉक्टर, तेच 'खाली, खाली' ओरडले हो!"

"अगं बाई, अरबीत खाली म्हणजे रिकामी! बंदुकीत गोळी नाही, घाबरू नकोस, असं सांगत होते बिचारे. हिंदीतही तेच की. तुला हिंदी येतं ना?"

"येतं हो," मी पडल्यापडल्याच म्हणाले, "पण मी मराठीत घाबरले ना!"