कॅलेंडरवरचा वरळीचा किल्ला

अरे, आमच्या ऑफिसच्या कॅलेंडरसाठी वरळीच्या किल्ल्याचा फोटो हवा होता. म्हटलं, मी काढतो. सकाळी सातला पोचलो, तर अख्ख्या तटावर हिरवीगार साडी वाळत घातलेली. खाली एक कोळीण मावशी बसलेल्या.

म्हटलं, "मावशी, दोन मिनिटं साडी काढता का? किल्ला दिसत नाहीये."

"ओली हाय रं. किल्ला काय पलून चाललाय? बस तिथं."

दोन तास बसलो. साडी वाळली, मावशी ती घेऊन घरात गेल्या. मी घाईघाईने कॅमेरा लावला, तेवढ्यात मावशी तीच साडी नेसून, सगळे दागिने घालून किल्ल्यासमोर येऊन उभ्या.

"हां, आता काढ."

जानेवारीच्या पानावर मावशी आहेत. खाली छापलंय, 'वरळीचा किल्ला'.