काकूंना बसवून घ्या

— नाही, नाही, मी आत येत नाही. तुला बसायचं तर बैस इथे, बाकावर जागा आहे. तळणीच्या धुराकडे पाठ कर, नाहीतर डोळे चुरचुरतील — सभा संपली की सगळ्यांना चहा नि बाउरसाक, तळलेले पिठाचे गोळे, आहेत, त्याच कढया चढवल्यात मागे. हो, मीच ती. मधेच उठले ती, निळ्या रुमालाची. रागावलात का काकू, म्हणून विचारायला आलीस? मी कशाला रागावू? सभा आहे, ज्याने त्याने बोलावं. दारावर एवढा मोठा फलक लावलाय — ‘आपला प्रांत, आपली ओळख, खुली चर्चा’. खुली म्हणे! तू रेडिओवाली ना, तालदिकोर्गनची? सकाळी गाडीतून उतरताना पाहिलं तुला. ते यंत्र बंद आहे ना? बरं. राहू दे मग मांडीवर.

तो करड्या कोटातला पोरगा छान बोलला, नाही? काय आवाज! मागच्या भिंतीवर आपटून परत येतो. इतिहास शिकवतो म्हणे शाळेत. — म्हणे कसलं, शिकवतोच. मी तर टाळ्या वाजवल्या, सगळ्यांच्या आधी. तो नुसता ‘बंधुभगिनींनो’ म्हणाला नि माझे हात वाजायलाच लागले, शेजारची बाई बघायला लागली माझ्याकडे. मग तो पुढे बोलत गेला नि मी वाजवतच राहिले — काय म्हणतोय ते डोक्यात शिरायला वेळ लागतो गं, हात आधी चालतात. काय म्हणाला? तूही ऐकलंस की. ओढ्यापलीकडे नवी घरं बांधलीत, ती मंगोलियातून आलेल्या कुटुंबांना द्यायची की नाही. आणि हा म्हणतो — रक्ताने असतील ते कझाक, वागण्याने नाहीत. चहात मीठ घालतात. त्यांची बोली आपल्याला कळत नाही, आपली त्यांना कळत नाही. आधी इथलं शिका, मग इथले म्हणवून घ्या. — आणि लोकांनी टाळ्या काय वाजवल्या! तेव्हा कुठे माझे हात थांबले.

मी कुठली? मी ओल्गीची. तिथलीच, मंगोलियातली. उच्चारावरून ओळखलंस ना? ओळखतातच. हा देश नवा झाला नि रेडिओवर सांगितलं — तुझ्यासारखीच कुणीतरी असेल सांगणारी — या, परत या, हे तुमचं घर आहे. आमचे आजे उपासमारीच्या वर्षांत इथूनच डोंगर ओलांडून पळाले होते, म्हणून परत या म्हणायचं. माझा नवरा वेडा झाला ऐकून. मेंढ्या विकल्या, तंबू उकलून ट्रकवर लादला, मी पोटुशी, त्या ट्रकमध्ये गठड्यांवर आडवी. सरहद्द ओलांडली तसा हा खाली उतरला नि मातीला ओठ लावून रडला. मी म्हटलं, उठा, वारं आहे, ट्रकवाला शिव्या देतोय.

आणि आलो तर काय? पहिल्या दिवशी दुकानात गेले, काड्यापेटी मागितली. आमच्या आजीच्या तोंडचा शब्द, अस्सल कझाक. दुकानातली बाई — कझाकच हं, माझ्यासारखेच डोळे, माझ्यासारखेच गाल — ती रशियनमध्ये म्हणाली, काय? मी परत मागितली. ती मागे वळून ओरडली, अगं ये, ही मंगोल बाई काय मागतेय बघ! कझाकांच्या देशात कझाक बोलले म्हणून मी मंगोल झाले. ओल्गीला तर आम्हाला कुणी मंगोल म्हटलं नव्हतं, तिथे आम्ही कझाकच! आणि हा पोरगा माईकवरून सांगतो, बोली कळत नाही. कळेल कशी? तो स्वतः सातवीपर्यंत मित्रांशी रशियनमध्ये भांडत होता. कझाक शिव्यासुद्धा येत नव्हत्या त्याला!

— कसं माहीत म्हणजे? गाव केवढंसं आहे? सगळ्यांचं सगळं माहीत असतं.

तू एर्नाबाईला पाहिलं असतंस तर! आम्ही राहतो ते घर तिचं. जर्मन होती, आई-बापांना युद्धात इथे आणून टाकलेलं, ती जन्मली इथेच. तीही त्याच हिवाळ्यात निघाली होती, जर्मनीला, आपल्या देशात — जो तिने कधी पाहिला नव्हता. सामान बांधून झालं होतं तिचं, आणि इकडे माझ्या कळा सुरू झाल्या. दवाखान्याची गाडी बर्फात अडकलेली. तिने पेटी परत उघडली, चादरी काढल्या, त्याच फाडल्या. तिच्या हातावर झालं माझं बाळ. जाताना फाटकाशी उभी राहून मला म्हणते, कुल्पाश, मी तिकडे जाऊन रशियन होणार, नि तू इथे मंगोल होणार. आपल्या दोघींना कझाकस्तानात जागा नव्हती का गं? आणि हसली. मीही हसले, मग दोघी रडलो.

ते बाळ ना, तोच —

त्याच्या कोटाचं मधलं बटण बघितलंस? काळ्या दोऱ्याने शिवलंय, करडा दोरा संपला होता, आज पहाटे — लांबून दिसत नाही म्हणा.

... हो. माझाच. बेकझान. आता बघतेस काय अशी? यंत्र बंद आहे म्हणालीस ना? माझा एकुलता एक. मंगोलियाचं तोंड पाहिलेलं नाही त्याने, तो इथलाच, या मातीवर पडलेला, मग तो बोलणारच. सातवीत असताना म्हणाला, आई, पालकसभेला ये पण बोलू नकोस. गेले. नाही बोलले. मास्तरांना वाटलं मुकी आहे, मला खुर्ची आणून दिली! तेव्हा पोर होता, पोरांना लाज वाटते, आपण समजून घेतो. आणि मिठाचा चहा म्हणशील तर आज सकाळी दोन वाट्या पिऊन गेलाय तो, वर साय घालून! तेव्हा नाही आठवली त्याला संस्कृती!

पण आज मी उठले ते भांडायला नाही. सूत्रसंचालक म्हणाला, कुणाला काही विचारायचंय का — म्हणून उठले. एवढंच विचारणार होते, की त्या नव्या घरांत जी बाया-माणसं येणार, त्यांतली एखादी पोटुशी असेल तर तिने आधी काय शिकायचं, ते सांगा. बास, एवढंच. मी तोंड उघडलं नि त्याने मला पाहिलं. नीट पाहिलं. डोळ्याला डोळा लागला. आणि माईक तोंडाशी धरून दारावरच्या माणसाला म्हणाला — त्या काकूंना बसवून घ्या, त्यांना ऐकायला कमी येतं.

काकू!

चारशे माणसं वळून बघताहेत, आणि माझा मुलगा मला काकू म्हणतो. तो दारावरचा माणूस आला, माझ्या कोपराला धरलं — हळूच धरलं बिचाऱ्याने, त्याचा काय दोष. मी म्हटलं, सोड, ऐकू येतं मला. सगळं ऐकू येतं. आणि आले बाहेर.

नाही, मला पाणी नको. रडत नाही मी, धूर आहे. आणि तुला सांगते, मी मीठ घालणार चहात. मरेपर्यंत घालणार. माझे शब्दही मी बदलणार नाही, तीस वर्षं बदलले नाहीत ते आता बदलू? घर माझं, पोर माझं, भाषा माझी, आणि परकीही मीच? सांगा ना कुणीतरी हिशेब. रेडिओवर लाव हवं तर. माझं नाव घाल, कुल्पाश म्हणून. त्याचं नको घालूस. त्याची नोकरी आहे, लोक काय म्हणतील — नको, त्याचं नको घालूस हं, पोरी.

थांब. दार वाजलं.

आलास? थंडीत वरचा जाड कोट न घालता? ... ही? ही रेडिओवाली. मी तिला काहीच नाही सांगितलं. — जा बाई तू. जा आत, जागा जाईल तुझी. हे आमचं घरचं बोलणं आहे. नाही, मला घरी सोडायला नको, रस्ता माहीत आहे मला. चेहरा कशाला पाडतोस? मी मारणार नाही तुला. ... माफी? इथे, कढयांपाशी? तुला बोलायचं होतं ते चारशे लोकांत बोललास ना? मग हेही तिथेच बोल. चल, माईकवर सांग मी कोण ते. तेवढं सांग, मग घरी जाऊ, मग जाड कोटही घाल नि चहाही पी.

नाही जमत?

बरं. मग मी सांगते. मला येतं बोलता. हो बाजूला, बेकझान — दार अडवू नकोस.