न उघडलेले सात विडे

मंडळी, आज बसल्या बसल्या एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई करू नका! घाईत दिलेलं उत्तर आणि घाईत ठरवलेली सोयरीक – दोन्ही मागाहून निस्तरावी लागतात! प्रश्न असा: ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याची पूजा करावी, की त्याचं ऐकावं?

पुढचे आजोबा म्हणतायत, "दोन्ही!" वा! म्हणायला काय जातं? करून दाखवा!

तर ऐका. पराक्रमाच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्यात. त्या गोष्टींत राणी असते. असते ना? पण तिला काम काय? चिकाच्या पडद्याआड बसायचं! राजा बोलतो, सरदार बोलतो, भाट तर थांबता थांबत नाही, अहो, घोडासुद्धा मधेच खिंकाळतो! राणी? गप्प! सगळे लढतात तिच्या नावानं, आणि तिला विचारत कोणी नाही!

पिंगळगडावर अशीच एक राणी होती. मंजुळाबाई तिचं नाव. खाडीकाठच्या केळशेत गावाची लेक. लग्न होऊन गडावर आली ती आलीच! कारण गडाचा रिवाज – राणी गडाखाली उतरायची नाही. का? तर गडाची अब्रू गडावरच राहावी! आता अब्रूला पाय फुटतात की काय, देव जाणे.

आणि त्या गडाचा सरदार सुभानजी. छाती ही एवढी! मिशा अशा, की आमच्या पेटीवाल्यांनी नुसतं बघत राहावं! हसू नका पेटीवाले, सूर सुटतो.

दर दसऱ्याला दरबार भरायचा. तबकात विडा ठेवायचे. जो उचलेल, त्यानं मोहिमेवर जायचं. तो विडा राणी स्वतःच्या हातानं लावायची, वर लवंग टोचायची, आणि पडद्याखालून तबक पुढं सरकवायची. बस्, तेवढाच हात दिसायचा! हिरवा चुडा, अन् बोटाला लागलेला कात.

सुभानजीनं पहिल्या वर्षी तो हात पाहिला आणि मंडळी, त्याच्या काळजात काहीतरी हललं. वाईट मनात आणू नका! देवीपुढं उभं राहिल्यावर हलतं ना, तसं. त्याला वाटलं, या माउलीनं आपल्याशी एक शब्द बोलावा. फक्त एक! त्या एका शब्दापायी त्यानं विडा उचलला, गेला, गड जिंकून आला!

महाराज खूश! म्हणाले, "सुभानजी, माग. मागशील ते देतो!"

सुभानजीनं छातीला हात लावला. "महाराज, राणीसाहेबांच्या हातचा विडा मिळाला. आणखी काही नको!"

दरबार म्हणाला, वाहवा! आणि पडदा जरासा हलला. वाऱ्यानं हलला असेल, असं सुभानजीला वाटलं.

असं एक वर्ष नाही, सात वर्षं! सात दसरे, सात विडे, सात गड! दर वेळी महाराज म्हणायचे, माग. दर वेळी हा म्हणायचा, काही नको. दर वेळी पडदा हलायचा. आणि शब्द? एकही नाही! गडी झुरत होता हो. मोहिमेवर तंबूबाहेर बसून गडाच्या दिशेनं बघत राहायचा. "कधी बोलतील? काय कमी पडलं माझं?"

आता तुम्ही म्हणाल, बुवा, त्या विड्यांचं केलं काय त्यानं? खाल्ले असतील! छे हो! खातोय कसला! डबीत ठेवले, डबी देव्हाऱ्यात, रोज हळदकुंकू! त्याची बायको लाडूबाई, मोठी रोखठोक बाई. ती म्हणायची, "अहो, विडा खायचा असतो! पूजायचा नसतो!"

"तुला नाही कळायचं ते."

बायकोला नाही कळायचं! मंडळी, हे वाक्य ज्यानं ज्यानं म्हटलं, त्याचं पुढं काय झालं ते तुम्ही जाणताच!

आठवा दसरा दोन दिवसांवर आला. लाडूबाई देव्हारा पुसत होती. डबी निसटली. सात विडे, वाळून कडकडीत झालेले, फरशीवर पडले आणि फुटले. सुभानजी ओरडत धावला – आणि जागीच थांबला. प्रत्येक विड्यातून मेण लावलेली, नखाएवढी घडी केलेली एकेक चिठ्ठी निघाली होती!

त्यानं पहिली उलगडली. अक्षर लावत लावत वाचली. "विजयी होऊन या. महाराज बक्षीस विचारतील. तेव्हा एवढंच मागा, की राणीला चार दिवस माहेरी जाऊ द्या. केळशेतात माझी आई आहे."

दुसरी. "मागच्या खेपेला राहून गेलं वाटतं. हरकत नाही. यंदा मागाल ना?"

चौथी. "आईला आता दिसत नाही म्हणे. पण आवाजानं ओळखेल मला."

सहावी. "माझं काही चुकलं का?"

आणि सातवी. "आता मागू नका. आता तिथं कोणी नाही. तुम्ही सुखरूप या."

अरे, ज्या शब्दासाठी सात वर्षं झुरलास, तो तुझ्या घरात होता रे! रोज त्याच्यावर फुलं वाहत होतास! सुभानजी मटकन खाली बसला.

दसऱ्याला दरबार भरला. तबक सरकलं. सुभानजीनं विडा उचलला, लवंग काढली, आणि भर दरबारात उलगडला! आत चुना, कात, सुपारी. चिठ्ठी नाही. राणीनं लिहिणं सोडलं होतं.

त्यानं विडा तोंडात घातला. डोळ्यांतून घळाघळा पाणी! म्हणाला, "महाराज, सात वर्षांचं बक्षीस आज मागतो. राणीसाहेबांना माहेरी जाऊ द्या."

महाराजांचा चेहरा उतरला. रिवाज मोठा, पण सात वेळा दिलेला शब्द त्याहून मोठा. म्हणाले, "जाऊ द्या त्यांना माहेरी."

पालखी केळशेतात उतरली. शेजारच्या म्हाताऱ्या काकूंनी किल्ली आणली. म्हणाल्या, "मंजू, तुझी आई दर दसऱ्याला दोन पाट मांडायची गं. मी म्हणायची, कोणासाठी? तर म्हणायची, पोर आली म्हणजे?"

दोन्ही पाट भिंतीला टेकून उभे होते. मंजुळाबाईनं ते स्वतः मांडले. एकावर बसली. दुसऱ्याकडं बघत राहिली.

सुभानजी दाराबाहेर मान खाली घालून उभा. आणि तेव्हा, मंडळी, राणी त्याच्याशी बोलली. रागानं नाही हो! रागावली असती तर बरं झालं असतं!

"सुभानजीराव, तुम्ही माझ्यासाठी सात गड घेतलेत. मला हा एक उंबरठा हवा होता."

सात लढायांत न रडलेला गडी त्या अंगणात लेकरासारखा रडला.

आता सुभानजीला हसाल? हसा! पण आधी घरची पोथी आठवा. लाल फडक्यात बांधलेली! दसऱ्याला फूल वाहता. सोडलीत कधी? आत कोणी काय लिहिलंय, बघितलंत? आणि पोथीचं राहू द्या. आईचा फोन येतो. ती म्हणते, "सहज केला रे." तिचं ते सहज कधी उलगडलंत? तिचा फोटो मात्र मोठा लावाल, चंदनाचा हार घालून!

तेव्हा आज कीर्तन झालं की माझ्या पाया पडायला रांग लावू नका. घरी जा. ज्याच्यावर जीव आहे त्याच्यापुढं बसा आणि विचारा, "तुला काय हवंय?" आज विचारा. "आता मागू नका," असं उत्तर यायच्या आत विचारा!