खंड्याला दिलेला खांदा

मंडळी, आज एकच विचारतो — सुतक कुणाचं पाळायचं? रक्ताच्या माणसाचं? मग जो आपल्या दारात जागला, आपल्यासाठी भुंकला, तो कोण? ऐका!

कुडवळ नावाचं डोंगराकडेचं गाव. गावाचा मान म्हणजे पारध! शिमग्याआधी चार मानकरी देवापुढे उभे राहणार, गुरव कौल लावणार, मग हाकारे घालून रान उठवायचं. वर्षातून तो एकच दिवस — हुकला की हुकला! पहिले मानकरी आबासाहेब. मिशी मोठी, नेम बारीक! आदल्या दिवशी सरावाला गेले आणि रानडुक्कर म्हणून काय पाडलं? द्वारकाकाकूंचा कुत्रा — खंड्या! टाळकरी, हसू नका, ठेका सुटतो.

काकू म्हणजे शाळेतल्या जुन्या बाई. घरामागे बांबूचं बेट, बेटात गाभण भेकर आसऱ्याला आलेलं. उद्या हाकारे तिथूनच सुटणार! काकूंनी पारधीच्या सकाळी काय केलं? अंगणात तिरडी बांधली!

गावाची रीत अशी, की बाईमाणसाच्या दारात तिरडी दिसली तर कोण गेलं विचारत बसायचं नाही. खांदा द्यायचा! काकूंचा आजारी भाऊ राहायला आला होता, तो गेला असणार — असं धरून चौघे मानकरी धावले. पांढरं कापड घट्ट बांधलेलं.

"काकू, तोंड तरी बघू द्या."

"आबा, तोंड बघण्यासारखं ठेवलंय का कुणी?"

उचलली तिरडी! "हलकं लागतंय हो," एक मानकरी म्हणाला. "दुखण्यानं वाळला बिचारा," आबांनी स्वतःच समजूत घातली. आणि पुढे मडकं धरून कोण? काकू! ताठ! बायकांनी स्मशानात जायचं नसतं म्हणे — पण अडवणार कोण? चौघांचेही हात गुंतलेले!

स्मशानात गाठ सुटली… आणि बाहेर आली शेपटी!

"काकू! हा तर कुत्रा!"

"कुत्रा नाही, खंड्या. आणि आबा, छर्रे तुमचे आहेत."

आबा तसेच देवळात धावले. तात्या गुरव उंबऱ्यातच आडवा!

"तात्या, कुत्र्याचं कुठं सुतक असतं?"

"कुत्र्याचं मला ठाऊक नाही, आबा. खांद्याचं ठाऊक आहे. खांदा दिलेल्यानं तीन दिवस देवापुढे यायचं नाही. मानकरी नाहीत तर कौल नाही. कौल नाही तर पारध नाही!"

बेटात भेकर व्यालं, मंडळी!

पुढच्या वर्षी कुणाच्याही अंगणात बांबू दिसला, की आबा लांबूनच ओरडायचे — "आधी तोंड दाखवा!" मग पारधीच्या दिवशी एका वाडीनं तिरडीवरून मेलेला कोंबडा नेला, दुसरीनं म्हातारा बैल. खांदे द्यायला माणसं कमी पडेनात, पारधीला मात्र मिळेनात! आणि ज्या वर्षी काकू गेल्या, त्या वर्षी पहिला खांदा कुणाचा? आबांचा! बंदूक घरी, मिशी ओली, मान ताठ. कुडवळकर आजही छाती काढून सांगतात — आमच्या गावाचा मान म्हणजे बाईंची तिरडी!

छाती काढायला तुम्हीही बसलाय समोर. पण घरी जाताना आपला खांदा चाचपून बघा. आजवर त्यावर काय काय ठेवलंत — फक्त बंदूकच ना?