दाब धरून

…नाही काका, आधी मोजा, मग बोला. हॉबर्ट चारला येतोय. शनिवारी शर्यतीला आपण बांधलेलं त्याचं इंजिन अख्ख्या काउंटीसमोर नुसतं खोकत राहिलं, व्हॉल्व पुरते मिटतच नव्हते — त्यांना ढकलून उघडणारे पुशरॉड लांब, सोळाच्या सोळा. त्याला कुणाचं तरी नाव सांगायला हवं ना मला? तुमचं सांगणार. बाबांच्या या वर्कशॉपमध्ये चाळीस वर्षं मापं तुम्हीच घेता, वेंडेल काका, मग चूक काय भिंतीची?

हात थरथरतोय, दिसतंय मला. काल कॉफीचा मग धरवला नाही तुम्हाला. मी हसले, हो, सगळेच हसले — घाला आत तो मापाचा, लांब-आखूड होणारा रॉड. कॅमचा उंचवटा फिरून गेलाय? त्यावर टेकलेला लिफ्टर खाली बसलाय? मग चिमटीत धरा, वरखाली हलवत वाढवत न्या. खडखड संपली की थांबायचं, पुढे रेटलंत तर लिफ्टरच्या पोटातली स्प्रिंग दबते नि माप खोटं येतं. हे मी तुम्हाला शिकवतेय, बघा काय वेळ आली.

थांबलात? आणा इकडे. सात इंच पूर्णांक सातशे चाळीस.

आणि ही तुमची पट्टी, इंजिनावर चिकटवलेली, तुमच्याच अक्षरात — सात आठशे. साठ थाऊ जास्त, काका. इंचाचे साठ हजारांश. वर लिफ्टर दाबून ठेवायला लागतात ते साठ मी ऑर्डर देताना घातले, ते तर घालायचेच असतात, बाबाही घालायचे — म्हणजे एकशेवीस झाले, नि लिफ्टर दबतो जेमतेम शंभर, उरलेले वीस व्हॉल्व उघडे धरतात. संपलं. आता घरी बसायचं, मार्जोरी काकूंबरोबर टोमॅटो लावायचे.

काय करताय? ती कड कशाला उलगडताय, चिकटलेली आहे ती — काय लिहिलंय? ‘दाब धरून’.

बरं. मार्चमध्ये मीच म्हटलं असेन, की तुम्हाला आकडेमोड जमत नसेल तर यापुढे दाबाचे साठ धरूनच लिहा — चारचौघांत म्हटलं, तेही खरं. पण इतकं बारीक लिहितं का कुणी? पट्टी दुमडते, माणूस घाईत असतो, साठ दोनदा धरले जातात…

असं बघू नका माझ्याकडे. बाबाही असेच बघायचे.

हात आता थरथरत नाहीयेत तुमचे.

हॉबर्टची गाडी वळली बघा. एप्रन खिळ्याला लावा, मागच्या दाराने जा. आणि काका — पट्टीची ती कड होती तशी दुमडा नि पट्टी इथेच ठेवा.