सार्जंट ट्रॅमेल आणि गजाचा आवाज

आजच्या सभेच्या अध्यक्ष आदरणीय व्हर्नेल स्टिनेटबाई, व्यासपीठावर बसलेले महापौरसाहेब, ज्यांच्यासाठी आपण सगळे पोटभर जेवून इथे बसलो आहोत ते सत्कारमूर्ती सार्जंट हॉबर्ट ट्रॅमेल, त्यांच्या सौभाग्यवती ओपल, निळ्या आणि करड्या दोन्ही पलटणींतले माझे बंधू, स्वयंपाकाच्या तंबूतल्या माझ्या मैत्रिणी, आणि खुर्च्या रिकाम्या असूनही मागच्या भिंतीला टेकून उभे राहिलेले आपले तोफखानेवाले! तुम्हा सर्वांना नेडिन कॉफीचा नमस्कार.

सार्जंटना निरोप द्यायला म्हणून मी चार ओळी लिहून आणल्या होत्या. चांगल्या होत्या हो. माझ्या सुनेने वाचून डोळे पुसले होते. पण माझ्या आधी बोलताना स्टिनेटबाईंनी एक आनंदाची बातमी दिली. समितीने गळ घातली आणि सार्जंटनी मान दिला. ते आत्ता थांबत नाहीत. एप्रिलमध्ये टॅलिस क्रीकच्या मोठ्या लढाईला तीनशे बंदुका येणार, चार हजार प्रेक्षक येणार, आणि त्या सगळ्या बंदुका सार्जंट ट्रॅमेलच तपासणार. तुम्ही सगळे उभे राहिलात. केवढ्या टाळ्या वाजवल्यात! माझे हात मात्र मांडीवरून उचललेच नाहीत. मला कोणी तोंडात मारल्यासारखं झालं. स्टिनेटबाई, राग मानू नका. तो कागद मी पर्समध्ये टाकला आहे.

महापौरसाहेब नवे आहेत, त्यांच्यासाठी थोडं सांगते. दीडशे वर्षांपूर्वीच्या यादवी युद्धातल्या लढाया आम्ही लोकांसमोर हुबेहूब वठवून दाखवतो, निळे उत्तरेचे, करडे दक्षिणेचे. आमच्या बंदुका ठासणीच्या. लढाईत आम्ही नुसती दारू भरतो, गोळी कधीच नाही. पण खात्री कोण देणार? म्हणून मैदानात उतरण्याआधी सगळी रांग उभी राहते आणि प्रत्येक शिपाई आपल्या बंदुकीच्या नळीत लोखंडी गज सोडतो. नळी रिकामी असेल तर गज तळाला आपटून किणकिणतो. आत काही अडकलं असेल तर नुसतं ठप्प. हा आवाज ऐकत रांगेतून चालणारा माणूस म्हणजे सार्जंट ट्रॅमेल. एकतीस वर्षं. त्यांनी मान हलवली की आम्ही डोळे मिटून एकमेकांच्या समोर उभे राहतो.

आणि शिस्त तरी किती! त्या काळात जे नव्हतं ते मैदानात दिसता कामा नये. माझ्या पहिल्याच वर्षी त्यांनी मला भर छावणीत थांबवलं. म्हणाले, "बाई, तुमच्या घागऱ्याला चेन आहे." मी म्हटलं, "मागच्या बाजूला आहे हो, कोण बघतंय?" तर म्हणतात, "इतिहास बघतोय. बटणं लावून या." लावली! तंबूत बसून अकरा बटणं लावली, आणि एकेका बटणागणिक त्यांना शिव्या घातल्या. करड्यांतल्या वेस्ली बिल्ब्रीचा तर त्यांनी आजच्या धाटणीचा म्हणून चष्मा काढून घेतला होता. बिचारा दातांचा डॉक्टर, दोन वर्षं अंदाजाने चालत होता. हसा, हसा. मलाही हसू येतं. माझ्या पाठीमागे सार्जंटही हसताहेत, ऐका.

आता सप्टेंबरची लढाई आठवा. मी निळ्यांच्या मागे पाण्याची बादली घेऊन उभी होते. तीच आपली लाकडी. करड्यांनी बार काढला, धूर झाला, आणि माझ्या हाताला जोराचा हिसका बसला. वाटलं, कडी तुटली. खाली बघते तर घागरा ओला. शेजारचा पोरगेलासा शिपाई मेल्याचं सोंग घेऊन पडला होता, तो पडल्या पडल्या म्हणतो, "मावशी, बादली गळतेय तुमची." मी बोटाने चाचपलं. फळीला गोल भोक. पाणी ओतून टाकलं, आणि समोरच्या फळीत आतून शिशाची गोळी रुतलेली होती. अंगठ्याएवढी. माझ्या मांडीपासून वीतभर अंतरावर.

मला ओरडता आलं नाही. मागे दोरीपलीकडे लोक टाळ्या वाजवत होते.

लढाई संपल्यावर वेस्ली बिल्ब्री माझ्या तंबूत आला. चेहरा पिठासारखा पांढरा. म्हणाला, "नेडिन, माझ्या खांद्याला बंदुकीची लाथ बसली. नुसत्या दारूने एवढी बसत नाही. कोणाला लागलं का गं?" मी बादली दाखवली. तो तिथेच गवतावर बसला. आदल्या आठवड्यात तो निशाणेबाजीला गेला होता, खऱ्या गोळ्या घेऊन. शेवटचा बार उडालाच नव्हता. पाऊस आला, घाईत बंदूक गाडीत टाकली आणि विसरला. मघाशी टाळ्यांच्या गडबडीत वेस्लीने माझ्याजवळ येऊन त्याचं नाव घ्यायची परवानगी दिली आहे. तो तिसऱ्या रांगेत बसलाय, त्याच्याकडे असं बघू नका. चूक त्याची होतीच. पण गज तर त्याने सोडला होता! आवाज ठप्प आला असणार. मग सार्जंटनी मान का हलवली?

मी बादली घेऊन त्यांच्याकडे गेले. ते पाठमोरे बसून बूट पुसत होते. मी हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा तर किंचाळलेच. ते शांतपणे बूट पुसत होते. मी फिरून समोर गेले तेव्हा दचकून म्हणाले, "अरे, नेडिन! कधी आलीस?"

मी विचारलं, "तुम्हाला गज ऐकू येतो का?"

त्यांनी बादलीकडे पाहिलं. भोकात बोट घातलं. मग म्हणाले, "सहा वर्षं झाली. ती किणकिण आता येत नाही."

"मग तपासता कसं?"

"तोंडाकडे बघतो. बंदूक भरलेली असली की माणसाच्या तोंडावर कळतं."

"आणि वेस्ली?"

"त्यालाच माहीत नव्हतं ना गं," म्हणाले.

कानातलं यंत्र आहे त्यांच्याकडे. ओपलने हट्टाने आणवलंय. घरी टीव्ही बघताना लावतात. मैदानात नाही, गणवेश चढवल्यावर नाही. का? तर तेव्हाच्या शिपायाकडे ते नव्हतं! अहो, तेव्हाच्या शिपायाच्या बंदुकीत गोळी होती, आपल्या नसते, एवढाच तर आपला सगळा खेळ आहे!

ते म्हणाले, "हंगाम संपला की मी थांबतो. तोवर बोलू नकोस." आणि मी, लाज वाटते सांगायला, मी बरं म्हटलं. एकतीस वर्षांचं नाव एका बादलीपायी जाऊ नये म्हणून. त्यानंतर दोन लढाया झाल्या. दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली, दोन्ही वेळा मला सगळं माहीत होतं, आणि दोन्ही वेळा तुमची पोरंबाळं दोरीला लागून बसली होती. तुम्हाला सार्जंटचा धक्का बसला असेल. मला माझा बसलाय, आणि तो ओसरत नाही.

एप्रिलमध्ये त्यांनी रांगेतून चालायचं नाही. दुसरा कोणीही चालेल, ज्याला ऐकू येतं. समितीने आज, इथे, ही सभा उठायच्या आत ठरवावं. एवढंच माझं मागणं.

हा माणूस मला प्रिय आहे. माझा नवरा गेला तेव्हा चार महिने त्यांनी माझं अंगण झाडलं, एकदाही दारावर टकटक न करता. त्यांना दुखवायला मी उभी राहिले नाही.

तुमचे चेहरे उतरलेत. स्टिनेटबाईंचा हात तोंडावर गेलाय. मी आत्ताच एकदा मागे वळून पाहिलं. ओपल मान खाली घालून रडते आहे. आणि सार्जंट... सार्जंट रुमालाने डोळे पुसताहेत आणि हसून मान हलवताहेत. आज ते गणवेशात आहेत. यंत्र घरी आहे. मघाशी तुम्ही हसलात म्हणून ते हसले, आणि आता तुमचे चेहरे पाहून त्यांना वाटतंय, नेडिन किती मनापासून बोलते आहे. कारण मी बोलायला लागल्यापासून त्यांच्याकडे माझी पाठ आहे, माझे ओठ त्यांना दिसत नाहीत. माणसाच्या पाठीमागे बोलणं मी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, तुमचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कोणाच्या मनाला लागलं असेल, तर पदरात घ्या. पण खरी क्षमा मला ज्यांची मागायची आहे त्यांनी यातला एकही शब्द ऐकलेला नाही. तेव्हा कोणी उठू नका. मी आता मागे वळते आणि हे सगळं त्यांच्यासमोर उभी राहून, सावकाश, पहिल्यापासून सांगते.