नाव कमी करायची रांग

शाळेच्या व्हरांड्यात मतदार यादीतलं नाव कमी करायची रांग होती. माझ्यापुढे दोन वयस्कर गृहस्थ होते. सिप्रियन आणि श्रीरंग, ही नावं मी त्यांच्या हातातल्या अर्जांवरच वाचली.

"कोणाचं काढताय?" श्रीरंगांनी विचारलं.

"मुलाचं. मर्विन कॅनडाचा नागरिक झाला गेल्या महिन्यात."

"अरे वा."

"हो. आठ वर्षं नुसता पीआर होता. तेव्हा म्हणायचा, डॅडी, हे फक्त राहायचं कार्ड आहे, पासपोर्ट आपलाच आहे. आता तोही परत करतोय."

"पुरावा काय जोडलात?"

"तिथल्या सर्टिफिकेटची झेरॉक्स. शपथ घेतानाचा फोटोपण आणलाय, लागला तर. तुमचं कोणाचं?"

"मिसेसचं."

"त्यापण बाहेर असतात?"

"नाही. वारली ती, दिवाळीत."

"माफ करा हं."

"असू दे. अर्ज एकच आहे आपला. खूण तेवढी वेगळ्या चौकोनात."

"आमची लूर्डस सकाळपासून बोलत नाही माझ्याशी. म्हणते, पोराचं नाव राहिलं यादीत तर कोणाचं काय बिघडतं? निवडणूक आली की त्याच्या नावाची चिठ्ठी येते घरी. ती जपून घरातल्या अल्तारावर ठेवते, येशूच्या तसबिरीपुढे."

"आमच्याकडेपण आली या वेळी. मिसेसच्या नावाची."

"मग?"

"म्हणून तर आलो."

"पुढचे कोण?" टेबलावरून हाक आली.

"जा. तुमचा नंबर," श्रीरंग म्हणाले.

"तुम्ही जा आधी. मला घाई नाही."

"मलाही नाही."